तिथल्या नर्सच्या हाताखाली

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या दवाखान्यात काही दिवस विनामोबदला काम करायला जावं का, असं एमबीबीएस किंवा नर्सिंग संपवलेली मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात. त्यांची कळकळ खरी असते आणि माझं उत्तर ‘जरूर जा’ असंच असतं. मात्र मी एक अट घालते. तिथे आधीपासून काम करणाऱ्या माणसांच्या हाताखाली काम करायची तयारी असेल तरच जा. ही अट शिष्टाचारापोटी घातलेली नाही. ती मोडली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.

त्याचा पुरावा 2011 साली जगासमोर आला. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं, नाडी क्षीण झालेलं मूल आलं की शिरेतून झपाट्याने सलाइन द्यायचं, हे जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. केनियातल्या किलिफी इथे वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. कॅथरिन मेटलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या रुग्णालयांत अशा 3141 मुलांचा अभ्यास झाला. झपाट्याने सलाइन किंवा अल्ब्युमिन दिलेल्या मुलांपैकी 48 तासांत शंभरात दहा-अकरा दगावली. तसं न दिलेल्यांपैकी सात. अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. जुलाबाने शरीरातलं पाणी गेलेली मुलं आणि तीव्र कुपोषित मुलं त्यात नव्हती, त्यांच्या उपचारांची तत्त्वं वेगळी आहेत. पण मलेरिया किंवा जंतुसंसर्गाने गळून गेलेल्या, व्हेंटिलेटरची सोय नसलेल्या ठिकाणी आलेल्या मुलांच्या बाबतीत पुस्तकातला उपाय घातक ठरला. उद्या तिथे पोचलेला हुशार, तळमळीचा पाहुणा डॉक्टर सवयीने सलाइनची बाटली जोडू लागला आणि तिथल्या नर्सने त्याचा हात धरला, तर त्याने थांबायला हवं.

मलावीचं उदाहरण घेऊ. तिथली बहुसंख्य जनता खेड्यात राहते आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्रात सहसा एमबीबीएस डॉक्टर नसतो. मेडिकल असिस्टंट रुग्ण तपासतो, नर्स बाळंतपणं करते. ‘हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट’ म्हणवले जाणारे कर्मचारी गावोगाव फिरून लसीकरण पाहतात, लहान मुलांचा ताप, न्यूमोनिया आणि जुलाब यांवर प्राथमिक उपचार करतात. रुग्णाची सगळी नोंद त्याच्याच जवळच्या एका छोट्या वहीत असते, तिला ‘हेल्थ पासपोर्ट’ म्हणतात. दाखल झालेल्या माणसाचं खाणंपिणं आणि अंगावरची सेवा बरीचशी सोबतच्या नातेवाइकांकडे असते. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मलेरियाचा जोर याच काळात वाढतो आणि घरातला मका संपत आलेला असतो तोही याच काळात. ताप, रक्तक्षय आणि भूक एकाच मुलात एकत्र आलेली दिसतात ती म्हणूनच. यातलं कुठलं दुखणं आधी हाताळायचं, कुणाला चाळीस किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायचं आणि गाडीत डिझेल नसेल तर काय करायचं, हे त्या नर्सला ठाऊक असतं. पाहुण्याला ते कुणी शिकवलेलं नसतं.

‘पण मी डॉक्टर आहे’ हा युक्तिवादही इथे टिकत नाही. मलावीत क्लिनिकल ऑफिसर नावाचा वर्ग आहे: तीन वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या 38 रुग्णालयांतल्या 2131 तातडीच्या प्रसूती-शस्त्रक्रिया तपासल्या गेल्या. ज्यांत फक्त सिझेरियन होतं त्यांपैकी 90 टक्के या क्लिनिकल ऑफिसरांनी केली होती आणि त्यांचे निकाल डॉक्टरांच्या तोडीचे होते. आपल्याकडून नुकता पदवी घेऊन गेलेला तरुण तिथे सिझेरियन ‘शिकवायला’ जात नाही, झालंच तर शिकून येतो. आपल्या देशात ज्या प्रक्रियेला हात लावायची आपल्याला परवानगी नाही ती तिथल्या गरीब बाईवर करून पाहणं, हा तर सरळ अपराध मानायला हवा. मलावीच्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे.

मग बाहेरच्या माणसाचा उपयोगच नाही का? आहे, आणि मोठा आहे. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमधले डॉक्टर-नर्स आणि अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचे अभियंते यांनी मिळून नवजात बाळांच्या श्वासासाठी स्वस्त ‘बबल सीपॅप’ यंत्र वापरात आणलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवर 44 टक्के जगली होती, या यंत्रावर 71 टक्के. पुढे ते देशातल्या इतर रुग्णालयांतही गेलं, ते तिथल्या नर्सना वापर शिकवत शिकवत. अशा ठिकाणी यंत्रं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, प्रयोगशाळेत रक्त तपासायला शिकवणारा माणूस किंवा नवजात कक्षात सहा महिने बरोबरीने ड्यूटी करणारी अनुभवी नर्स, यांची किंमत पंधरा दिवस तपासणी करून जाणाऱ्या डॉक्टरपेक्षा जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगायची गरज पडू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत गेले आणि तिथेच राहिले. गावातल्याच बायांना त्यांनी नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं; 39 गावांत बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली, ती आफ्रिकेतल्या देशांसाठीही होती. बाळं वाचली ती गावातच राहणाऱ्या या आरोग्यदूत बाईमुळे, आणि तिला शिकवणारे डॉक्टर मुक्कामाला होते म्हणून. ‘आधी आपलं गडचिरोली-नंदुरबार, मग आफ्रिका’ असं म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगते. पाड्यावरच्या आशाताईच्या हाताखाली काम करायची सवय ज्याला लागली, तो मलावीतही कामाचा.

म्हणून जाण्यापूर्वी नेणाऱ्या संस्थेला चार प्रश्न विचारा. या कामाची मागणी तिथल्या दवाखान्याने स्वतः केली आहे का? माझी नोंदणी तिथल्या कौन्सिलकडे कोण करणार? मी कुणाच्या देखरेखीखाली असेन? मी परतल्यावर हे काम कोण चालू ठेवणार? चारही उत्तरं नीट मिळाली तर निदान सहा महिने हाताशी ठेवून जा. एकाही प्रश्नाला संस्था बगल देत असेल, तर विमानाच्या तिकिटाचे पैसे तिथल्याच एखाद्या नर्सच्या शिक्षणासाठी द्या. ती त्याच गावात राहणार आहे.