तिकिटावरचे साडेपाच तास

बुलढाण्याहून न्यूयॉर्कच्या लेकीकडे निघालेले वृद्ध आई-वडील तिकीट वाचतात : मुंबईहून प्रस्थान रात्री १.३०, न्यूयॉर्कला आगमन त्याच दिवशी सकाळी ७. म्हणजे अवघे साडेपाच तास? नव्हे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. ते मिळवले की खरा उड्डाणकाळ १६ तास भरतो. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. परतीचे अंतर तेवढेच. मात्र उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे साथ देतात, म्हणून वेळ बहुधा कमी लागतो.

हिशेब येथेच मिटत नाही. घाट उतरून मलकापूर स्थानक, तेथून मुंबईपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरचा रेल्वेप्रवास, विमानतळावर तीन तास आधी हजेरी. घर ते घर दीड दिवस सहज होतो. मधुमेहाची औषधे सामानात गेली, तर एवढा काळ निभवायचा कसा? ती हातपिशवीतच असावीत. जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारताना पूर्ण दीड दिवस सांगावा, तिकिटावरचे साडेपाच तास नव्हेत.