पाटी नवी, पण हात कुणाचा?

"सर, ह्या वयात हे काय करूलालाव? आन् चित्र तर कॉम्प्युटरच काढतंय की!"

परवा शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्र मागायला आले आणि माझ्या टेबलाकडे बघून हे बोलून गेले. पहिल्या वाक्याचं मला काही वाटलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हरिपाठ सोडून दुसरं काही हातात धरलं की आपल्याकडे हा प्रश्न येतोच. दुसरं वाक्य मात्र डोक्यात बसलं. आजचं हे लिखाण त्या वाक्यासाठी.

टेबलावर होती ती पेन टॅबलेट. मी तिला पाटीच म्हणतो. काळी, गुळगुळीत, वहीएवढी, सोबत एक लेखणी. आमच्या घरात ती आली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. मुलगा क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. फळा बंद, खडू बंद, मग पडद्यावर गणितं सोडवून दाखवायला त्याने ती घेतली. त्याच्यासारख्या अनेकांनी घेतली. क्लास पुन्हा भरू लागले आणि पाटी माळ्यावर गेली. दिवाळीच्या साफसफाईत ती माझ्या हाती लागली.

आता गंमत बघा. मुलगा त्या पाटीवर घर्षणाचं गणित मांडत होता तेव्हा लातुरात एकानेही म्हटलं नाही की गणित तर कॉम्प्युटरच सोडवतोय. तेव्हा हुशार सर! आणि त्याच पाटीवर, त्याच लेखणीने मी पोळ्याचा बैल काढला तर हुशार कोण? कॉम्प्युटर! हा न्याय कुठला?

कॉम्प्युटर किती मदत करतो, तेही सांगतो. आधी जुना ड्रायव्हर काढून नवा टाका, मशीन बंद करून चालू करा. हे नातीने केलं. मग चित्र काढायला क्रिता नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू, हे कळल्यावर जन्मभर खडू झिजवलेल्या मला ते आपलंच वाटलं. पहिलं चित्र काढायला घेतलं आपल्या गंजगोलाईचं. मधे वर्तुळ आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. हात गोल फिरवला आणि पडद्यावर उमटलं आडवं अंडं! तीनदा काढलं, तीनदा अंडं. शेवटी उलगडा झाला. लॅपटॉपचा पडदा लांबट, पाटी त्यामानाने चौकोनी, त्यामुळे पाटीवरची आकृती पडद्यावर आडवी ताणली जात होती. सेटिंगमध्ये दोन्हीचं प्रमाण सारखं केलं तेव्हा गोलाई गोल झाली. पुढे लेखणी कितीही दाबली तरी रेघ एकाच जाडीची. तो घोटाळा विंडोज इंकच्या एका खुणेचा निघाला.

एवढं जुळवल्यावर तरी चित्र आपोआप आलं असेल? छे! हात खाली पाटीवर आणि नजर समोर पडद्यावर. पेटी वाजवणारा बोटांकडे बघत नाही, तशी सवय व्हायला मला दीड महिना लागला. तोवर माझ्या बैलाचं वशिंड मानेवर आणि शेपूट पोटाला!

ही पाटी करते तरी काय? माझ्याकडच्या लेखणीत सेल नाही. पाटीतल्या तारांच्या जाळीतून चुंबकीय लहरी निघतात, लेखणीतलं वेटोळं त्यांना प्रतिसाद देतं, आणि टोक कुठे आहे व किती दाबलंय एवढं पाटी मोजते. दाबाच्या ८१९२ पायऱ्या ती ओळखते. पण बैलाचं वशिंड कुठे असतं, हे तिला ठाऊक नाही. ते मला ठाऊक हवं. हल्ली वाक्य टाईप केलं की चित्र बनवून देणारी यंत्रं आली आहेत, ती गोष्ट वेगळी. दोन्हींना एका मापाने मोजणं म्हणजे सायकल आणि रिक्षा एकच म्हणणं. सायकलला पाय मारावे लागतात हो!

समोरच्याचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं नाही. थरथरणारी रेघ सरळ करून देण्याची सोय यात आहे, ती मी बंद ठेवतो. चुकलेलं एका बटणात पुसता येतं, त्यामुळे हात आळशी होतो, हेही खरं. आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्सने संपवले, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या हातचं अक्षर बघत आम्ही मुलांना 'असं अक्षर काढा' म्हणायचो, त्यांच्या ब्रशचे केस वाळून गेले. पण त्यांना संपवलं ते तयार अक्षरं आणि तयार फोटो चिकटवण्याने. त्या पेंटरच्या हातात ही लेखणी कुणी दिली होती का? कुणी शिकवली होती का?

हात आणि यंत्र यांचं वैर नाही, याचा दाखला मराठीतच आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी. आयुष्यभर बोरू आणि ब्रश चालवलेला माणूस, मुंबईच्या आयआयटीत त्यांनी अक्षरकला शिकवली. २००८ साली ते गेले. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण मराठी वाचली तो 'मंगल' फाँट त्यांचा. यंत्राला देवनागरी शिकवायला शेवटी बोरूवर घोटलेला हातच लागला. तिकडे डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर चित्रं काढायला घेतली. तोवर पन्नासेक वर्षं त्याने कागद आणि कॅनव्हास वापरला होता.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही, हाताचा आहे. हात कुठे तयार होतो? शाळेत, चित्रकलेच्या तासाला. त्या तासाचं आपण काय केलं?

इथे मला आधी माझं पाप कबूल केलं पाहिजे. मी मराठीचा शिक्षक. दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की मी चित्रकलेचा तास मागून घ्यायचो. चित्रकलेचे सर गरीब स्वभावाचे, "घ्या की" म्हणायचे. एकदा एक मुलगा अर्धवट चित्र बाकाखाली सरकवताना मी पाहिला. मी व्याकरण शिकवत राहिलो. गुणवत्ता यादीच्या दिवसांत गणितवाले, विज्ञानवाले, आम्ही सगळ्यांनीच तो तास वाटून खाल्ला. 'लातूर पॅटर्न'ने या गावाला नाव दिलं, डॉक्टर दिले, इंजिनिअर दिले. त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्या ताटात चित्रकलेचा घास कुणी वाढलाच नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आज मुलं बसतात, पण दहावीचे वाढीव गुण हेच पालकांचं पहिलं कारण. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक हवा. तुमच्या गावच्या शाळेत तो आहे का, एकदा विचारून या.

आणि आता तेच पालक मुलाला अ‍ॅनिमेशनला घालायचं म्हणून महागडी पाटी विकत आणतात, आणि महिनाभरात "ह्याला जमंना" म्हणून ती कपाटात ठेवतात. कसं जमेल? पेरणी केली नाही आणि खळं सारवून बसलात!

माझं म्हणणं सरळ आहे. आधी पाच वर्षं कागद, पेन्सिल आणि आठवड्याचे दोन तास. ते कुणीही मागून घ्यायचे नाहीत. मग खुशाल ही पाटी द्या. क्लासवाल्यांच्या माळ्यावर पडल्या असतील त्या खाली काढून शाळांना द्या. पण पाटीबरोबर शिक्षकही द्या.

असो. शेजारच्या गृहस्थांना मी काल पुन्हा बोलावलं. लेखणी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "घ्या, काढा बैल. कॉम्प्युटरच काढतोय ना?" त्यांनी दहा मिनिटं खटपट केली. मग हसून म्हणाले, "सर, आमाला शाळंत चित्रकला कुटं होती?"

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? ते माझेच विद्यार्थी.