कासवाची मागची बाजूही शिकवा

‘डॉक्टर, याचं आतडं बाहेर आलंय!’ पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात कासवाच्या बाबतीत हे वाक्य मला नेहमी ऐकावं लागतं. कासव उलटं करून पाहिलं, की बरेचदा ते आतडं नसतंच. टाकीत पाळलेल्या लाल कानाच्या कासवाचं, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर नराचं, ते काळपट लिंग असतं. हे सांगितलं, की घरची मोठी माणसं मान खाली घालतात आणि मुलांना बाहेर पाठवतात. या लाजेवर माझा आक्षेप आहे, कारण तिची किंमत कासवाला मोजावी लागते.

कासवाला मागे एकच द्वार असतं. आत अवस्कर नावाचा कप्पा असतो. विष्ठा, मूत्र, अंडी, वीर्य सगळं त्याच वाटेनं जातं. लिंग एरवी अवस्करातच दडलेलं असतं. त्यावरच्या खोबणीतून फक्त वीर्य वाहतं, मूत्र नाही. म्हणून ते सुजून, सुकून निकामी झालं तर पशुवैद्य ते काढू शकतो आणि कासव लघवी करत मजेत जगतं. पण बाहेर आलेला भाग खरोखरच आतडं किंवा अंडनलिका असेल, तर घरच्या घरी चालवलेली कात्री जीवघेणी ठरते. लिंग काही वेळात आपणहून आत गेलं तर काळजी नको. नाही गेलं, तर कासव वेगळं ठेवा, कारण टाकीतली दुसरी कासवं त्याला चावतात. तो भाग ओला ठेवा, ओढू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

नर-मादी ओळखायची खूणही तिथंच आहे. नराची शेपटी लांब नि जाड, द्वार पाठीच्या कवचाच्या कडेपलीकडे. मादीचं द्वार शेपटीच्या बुडाजवळ. दुकानात मिळणाऱ्या नाण्याएवढ्या पिल्लात मात्र हा फरक दिसत नाही. त्यामुळे दुकानदाराच्या ‘जोडी’वर विश्वास ठेवू नका.

या द्वाराची करामत एवढ्यावर संपत नाही. ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीतलं कासव अवस्कराच्या दोन पिशव्यांत पाणी घेऊन बाहेर सोडतं आणि लागणारा सुमारे 70 टक्क्यांपर्यंत प्राणवायू त्यातून मिळवू शकतं. मऊ पाठीच्या कासवांना या पिशव्या नसतात. ती पाण्याखाली घशाच्या अस्तरातून प्राणवायू घेतात. त्यांच्यातलंच चिनी कासव तर बराचसा युरिया तोंडावाटे बाहेर टाकतं. पुढून खाणं आणि मागून टाकणं, एवढं सोपं शरीर प्रत्येकाचं नसतं.

ससा आणि कासवाची गोष्ट सांगून शिक्षक थांबतात. जीवशास्त्राच्या तासाला कासवाची शेपटी वर करून काय दिसतं, तेही न हसता सांगा. आणि पालकांनो, ते ऐकायची तयारी नसेल, तर कासव घरी आणू नका.