तिला कुणी विचारलं का?

मैत्रिणींनो, ‘फुंतरू’ नावाचा मराठी चित्रपट तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलाय? 2016 च्या मार्चमध्ये तो आला आणि आपल्यातल्या बऱ्याच जणींना पत्ताही न लागता गेला. दिग्दर्शक सुजय डहाके, म्हणजे मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरून ‘शाळा’ काढणारे तेच. ‘शाळे’तली केतकी माटेगावकर यातही आहे, आणि नायक मदन देवधर. गोष्ट थोडक्यात अशी : इंजिनिअरिंग कॉलेजातला एक हुशार मुलगा. त्याला एक मुलगी आवडते, पण ती काही त्याची होत नाही. मग हा पठ्ठ्या काय करतो, तर कॉम्प्युटरच्या साहाय्याने हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, बोलणारी, प्रकाशाची मुलगी तयार करतो. पुढचं मी सांगत नाही, नाहीतर पाहायची मजा जाईल.

आम्ही देवळाली कॅम्पातल्या आठ-दहा जणींनी मागच्या महिन्यात भिशीच्या दिवशी तो पाहिला. आमची भिशी म्हणजे कॅम्पाचंच छोटं रूप. कुणी पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, कुणी तोफखान्यातल्या यजमानांच्या बदलीबरोबर आलेल्या, एक सिंधी भाभी, एक गुजराती बेन. एकीचं मत दुसरीशी जुळेल तर शपथ! पण एरवी सिनेमा संपला की साड्या आणि दागिने यांवर घसरणारं बोलणं या वेळी दोन तास त्या सिनेमावरच चाललं, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिलं मत पडलं ते कॉलेजात जाणाऱ्या एका भाचीचं. “मावशी, इफेक्ट्स किती साधे आहेत गं! इंग्लिश पिक्चरमध्ये बघ म्हणजे कळेल.” सुभेदारसाहेबांच्या मिसेस म्हणाल्या, “पोरगं अभ्यास सोडून हेच करत बसलंय, आईवडील काय झोपलेत का?” वरच्या मजल्यावरच्या काकूंना गाणी आवडली, बाकीचं डोक्यावरून गेलं. बेननी तर एका शब्दात निकाल लावला : “डूलाली!” (ठाऊक आहे ना? वेड्यासाठी इंग्रजीत जो ‘डूलाली’ शब्द आहे तो आपल्या देवळालीवरूनच गेला. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि त्यांची डोकी फिरायची, असं सांगतात. गावाचं नाव कशासाठी निघेल काही नेम नाही.)

आणि मग एक जण, जी एरवी भिशीत सर्वात कमी बोलते, ती बशीतला चिवडा बाजूला ठेवून म्हणाली, “पण त्या खऱ्या मुलीला कुणी विचारलं का?”

खोलीत शांतता झाली हो. कारण दोन तास आम्ही सगळ्याजणी त्या मुलाच्या बाजूने पाहत होतो. बिचारा किती प्रेम करतो, किती हुशार, किती धडपडतो! चेहरा तिचा, आवाज तिचा, हसणं तिचं, आणि हे सगळं वापरायला घेताना तिला मात्र कुणी काही विचारत नाही, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता भाचीचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तो मला पटत नाही. पैसे कमी म्हणून सिनेमा कमी, असं म्हणायचा हक्क निदान आपल्या नाशिक जिल्ह्याला तरी नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर आला तो कुणाच्या जिवावर? सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या रांधत होत्या, ऊन परतवायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत होत्या, रात्री फिल्मला भोकं पाडत होत्या आणि ती धुतही होत्या. कमी खर्चातला चित्रपट म्हणजे काय, हे त्या माउलीला विचारायला हवं होतं. आणि गंमत बघा, त्या चित्रपटात तारामती झाला तो अण्णा साळुंके नावाचा स्वयंपाकी, कारण सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. फाळके त्यानंतर नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’ काढला, तेव्हा कुठे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. त्या वेळी बाईला निदान विचारत तरी होते. ती नाही म्हणाली की पुरुषाला लुगडं नेसवत होते, पण तिचा चेहरा परस्पर उचलून नेत नव्हते. अर्थात तशी सोयही नव्हती म्हणा.

यंत्राची बाई आपल्याला नवीन नाही. ‘फुंतरू’ आला त्याच 2016 साली टीव्हीवर ‘बहू हमारी रजनी कांत’ ही मालिका सुरू झाली होती, आठवतेय? यंत्रमानव सून! न थकणारी, न रुसणारी. 2024 मध्ये ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’मध्ये क्रिती सेनन तशीच यंत्राची मुलगी झाली. आमच्या सासूबाई ती मालिका बघून म्हणायच्या, “अशी एक आणायला हवी.” मीही म्हणायचे, “आणा ना, मला रविवारी झोप तरी मिळेल.” हसण्यावारी न्यायची गोष्ट, नेली. पण कधी नीट विचार करून पाहा. या सगळ्या गोष्टींत कुणीतरी आपल्या मनासारखी बाई बनवतो, आणि मनासारखी म्हणजे काय, तर ‘नाही’ न म्हणणारी. ‘फुंतरू’ त्या मानाने प्रामाणिक वाटला मला. तो निदान दाखवतो की मूळ मुलगी जिवंत आहे, त्याच कॉलेजात वावरते आहे.

2016 मध्ये हा सिनेमा पाहून “असं कुठे असतं का!” म्हणता येत होतं. आज म्हणता येत नाही, आणि म्हणून तो आत्ता पाहायला हवा. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये रश्मिका मंदानाचा एक व्हिडिओ देशभर फिरला. लिफ्टमध्ये शिरणारी बाई दुसरीच होती, तिच्या धडावर रश्मिकाचा चेहरा बसवला होता. सगळ्यांनी रश्मिकाची बाजू घेतली, घ्यायलाच हवी होती. पण जिचं शरीर वापरलं त्या बाईलाही कुणी विचारलं नव्हतं, तिचं नाव मात्र चर्चेत फारसं आलं नाही. आवाजाचंही तेच. 2025 मध्ये आशा भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांच्या आवाजाची नक्कल बनवली जात होती. न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. आयुष्यभर रियाज करून कमावलेला आवाज, आणि तो असा फुकट उचलायचा?

आशाताई न्यायालयात जाऊ शकल्या. आपल्या लेकींनी काय करायचं?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या ओळखीच्या एका मुलीची हकिगत सांगते, शाळेचं नि गावाचं नाव मुद्दाम गाळते. मुलगी नववीतली. स्नेहसंमेलनात मंगळागौरीचे खेळ केले, नऊवारीत छान दिसत होती. कुणीतरी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. वर्गातल्या दोन मुलांनी तो मोबाइलमधल्या एका ॲपला दिला आणि तिचे कपडे बदलून घेतले. काय केलं असेल ते तुम्ही समजून घ्या. दोन दिवसांत ते चित्र अख्ख्या इयत्तेत फिरलं.

पुढे काय झालं? मुलीचा मोबाइल काढून घेतला. मुलीचा नाचाचा क्लास बंद केला. मुलीला महिनाभर मामाकडे पाठवलं. आणि ज्या मुलाने ते केलं, त्याची आई मुख्याध्यापकांसमोर म्हणाली, “फोटोच तर आहे, त्याने हात कुठे लावलाय तिला?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ती बाई वाईट नव्हे हो, तुमच्या-माझ्यासारखीच आहे. मुलगा हुशार, कॉम्प्युटरमध्ये डोकं चालतं, याचं तिला कौतुक. ‘फुंतरू’तल्या नायकाचं आम्हालाही कौतुकच वाटलं होतं की! चेहरा हा माणसाचा भाग आहे, तो घेताना मालकिणीला विचारायचं असतं, हे त्या मुलाला घरी कुणी कधी सांगितलंच नसणार. शेजारच्या झाडाचं फूल तोडताना विचार, असं मात्र आपण सगळ्याच सांगतो.

आणि आपण तरी विचारतो का? हळदीकुंकवाचे फोटो संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर जातात. त्यात दुसऱ्यांच्या मुली असतात, तोंडात घास असलेल्या वहिनी असतात. आमच्या भिशीत आता ठरलंय की विचारल्याशिवाय कुणाचा फोटो पुढे पाठवायचा नाही. पहिल्याच आठवड्यात दोघींची त्यावरून तणातणी झाली, पण नियम टिकलाय.

असा प्रसंग ओळखीत कुणावर आलाच, तर घाबरून चित्र लगेच पुसून टाकू नका. आधी ते कुठे दिसलं, कुणाच्या नावावरून आलं, तारीख-वेळ काय, याचे स्क्रीनशॉट घ्या, लिंक उतरवून ठेवा. मात्र ते चित्र कुणालाही पुढे पाठवू नका, “बघ गं काय केलंय” म्हणून बहिणीलासुद्धा नाही. मग पोलिसांच्या सायबर शाखेत जा, किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर लिहा. तिथे महिला आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि नाव न सांगताही तक्रार करता येते. ज्या कंपनीच्या ॲपवर चित्र दिसलं तिच्या तक्रार अधिकाऱ्यालाही कळवा. 2021 च्या नियमांप्रमाणे असं चित्र काढून टाकणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि यंत्राने बनवलेली खोटी चित्रंही त्यात येतात. “फोटो खरा नाही, मग तक्रार कशाची?” असं कुणी म्हणालं तर हे ऐकवा. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर कायदा आणखी कडक आहे. आणि कृपा करून, मोबाइल जप्त करायचाच असेल तर आधी कुणाचा करायचा, ते बघा.

तर ‘फुंतरू’ पाहा, आणि घरातल्या मुलग्यांना घेऊन पाहा. थोडा लांबलाय, मित्रांची थट्टामस्करी मला जरा जास्त वाटली, पण मुलांना तीच आवडेल आणि ती जागची हलणार नाहीत. मध्येच थांबवून प्रश्न विचारू नका, पोरं उठून जातात. संपल्यावर, भजी तळता तळता, सहज विचारायचं : ती खरी मुलगी तू असतास तर?

आमच्याकडे हा बेत येत्या रविवारी आहे. आठवीतल्या चिरंजीवांनी आधीच विचारून घेतलंय, “आई, नुसता पिक्चर आहे, की नंतर लेक्चरसुद्धा?”