मूळ देशाची अडचण कोणाला?

सरकारला विकायचा माल कुठल्या देशात बनला हे लिहायला लावणे म्हणजे नवे परमिटराज, असे उद्योजकांचा कैवार घेतलेल्या एका गृहस्थांनी नुकतेच ठासून सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आज कुठलीच वस्तू एका देशाची नसते, सरकारने भाव आणि दर्जा तेवढा पाहावा, कागदपत्रांत लहान उद्योजक मरतो आणि स्वदेशीच्या हट्टापायी करदात्याच्या खिशाला चाट बसते.

आधी करदात्याच्या खिशाचे पाहू. केंद्राच्या २०१७ च्या खरेदी-प्राधान्य आदेशात २०२० साली वर्ग पडले. निम्मे किंवा अधिक मूल्य देशात घातलेले असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गाचा, २० ते ५० टक्क्यांत असेल तर दुसऱ्या वर्गाचा. पहिल्या वर्गवाल्याची बोली सर्वांत कमी बोलीच्या २० टक्क्यांच्या आत असली, तर त्याला त्या कमी भावातच माल देण्याची संधी मिळते. या प्राधान्यापायी सरकारचा एक रुपयाही जास्त जात नाही. आदेश वाचण्याचे कष्ट या गृहस्थांनी घेतलेले दिसत नाहीत.

लहान उद्योजकाचे म्हणाल, तर १० कोटींपर्यंतच्या खरेदीत स्थानिक मूल्याचा टक्का त्याने स्वतः लिहून दिलेला चालतो.

आता ते ‘कुठलीच वस्तू एका देशाची नसते’. मला सगळ्यात जास्त चीड येते ती या वाक्याची, कारण त्याच्याआड लबाडी सुखाने राहते. शुद्ध स्वदेशी माल आदेशाने मागितलेलाच नाही. तो टक्का विचारतो. करांखेरीज विक्रीच्या किमतीतून आयात भागांची किंमत, सीमाशुल्क धरून, वजा करा, उरेल ते स्थानिक. १०,००० रुपयांच्या यूपीएसमध्ये ६,२०० ची आयात असेल तर ३८ टक्के, म्हणजे दुसरा वर्ग. तसे सरळ लिहावे. पण ३८ चे ५५ करण्याच्या युक्त्या लघुउद्योगांचे हिशेब पाहताना मी जवळून पाहिल्या आहेत. यूपीएसमधला सर्किट बोर्ड स्वतः आयात करायचा नाही, लॅमिंग्टन रोडच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचा. जीएसटीचे बिल मुंबईचे, म्हणून बोर्डही मुंबईचा! वर वाहतूक, विमा, जोडणी आणि प्रशिक्षणाचा खर्च स्थानिक मूल्यात चढवायचा. या दोन्ही वाटा आदेशाने बंद केल्या आहेत. इथल्या विक्रेत्याकडून घेतला तरी आयात माल आयातच धरला जातो. तरी बाहेर भारताचे कोरे करकरीत स्टिकर लावलेले असते, आणि चार स्क्रू काढले की बोर्डाच्या कडेला बारीक पांढऱ्या अक्षरांत दुसऱ्याच देशाचे नाव. यात मरतो तो भोसरीतला कारखानदार. तो ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी स्वतःच्या शेडमध्ये करतो, तांब्याचे पैसे रोख मोजतो, कामगारांचा पीएफ भरतो, आणि त्याचे खरे ५५ टक्के या खोट्या ५५ टक्क्यांच्या रांगेत उभे राहतात. लहान उद्योजकाचा एवढा कळवळा असेल तर याची बाजू कोण घेणार?

हा वाद जुनाच आहे. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्हीचे सुटे संच परदेशातून आले आणि इथे जोडून विकले गेले, तेव्हाही ‘आधी जोडणी, मग निर्मिती’ असे सांगणारे होते. जोडणीतून निर्मितीकडे जायला काही जणांना दशके लागली, काही गेलेच नाहीत. आज तोच युक्तिवाद नव्या पिढीच्या तोंडी ऐकतो आहे.

दर्जाचा मुद्दा मान्य. वाईट माल देशी असला तरी परत पाठवा.

२०२० पासून सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू चढवताना मूळ देश भरावाच लागतो, पण भरलेला रकाना तपासतो कोण? माल उतरवून घेताना काही यंत्रे उघडून पाहा. बोर्डाचे बिल मागा, व्यापाऱ्याकडून घेतला असेल तर त्याची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागदही मागा. खोटी घोषणा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत खरेदीतून बाद करता येते. तसे करा, आणि बाद केलेल्यांची यादी प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा.