गव्हाण काय असते, ते माण-खटावला सांगावं लागत नाही

डिसेंबर आला की मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एकात लाल टोपीवाला सांताक्लॉज असतो, दुसऱ्यात "हा आपला सण नव्हे" असं लिहिलेलं असतं. मी वडूजचा, ख्रिस्ती घरातला. दोन्ही वाचून वाटतं, मूळ गोष्ट राहिलीच बाजूला.

मूळ गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. रोमी बादशहा औगुस्तानं नावनोंदणीचा हुकूम काढला. नाव लावायला योसेफ गरोदर मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला गेला. उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं आणि त्याला गव्हाणीत ठेवलं. ही बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? राजवाड्यात नाही. रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना!

आता मंडळी, हे आपल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला पाहिजे का? दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून मेंढरं घेऊन निघणारे आपलेच लोक. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्यांत जनावरांच्या दावणीशेजारी कित्येक कुटुंबांनी महिने काढले. गव्हाणीशेजारी झोपणं आपण पुस्तकात वाचून शिकलो नाही.

ख्रिस्ती श्रद्धा सांगते की देवानं वरून नुसती मदत पाठवली नाही, तो स्वतः माणूस होऊन आला. इम्मानुएल या नावाचा अर्थच 'देव आमच्याबरोबर'. आणि आला तोही जागा नसलेल्यांच्यात. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही, ती चौथ्या शतकात रोममध्ये रूढ झाली. तारखेवर वाद घालणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण गव्हाण बायबलमध्ये आहे, ती विसरून चालणार नाही.

राहिला 'परका' हा शब्द. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली आपल्या साताऱ्यातच 'देवाचा दरबार' सुरू केला. अभंग-कीर्तनातून त्यांनी ख्रिस्ताची भक्ती मराठीत गायली. परकं काय राहिलं त्यात?

पण पहिलं बोट आमच्याकडंच. चांदणी, केक, लाइटिंग, नवे कपडे सगळं होतं. पुठ्ठ्याचा गोठाही झकास सजतो. याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरलेल्या असतात. कडाक्याच्या थंडीत एखाद्या कोपीत ओली बाळंतीण असते. तिची चौकशी कोण करतं? गोठा सजवून तिकडं पाठ फिरवली, तर मग "जागा नाही" म्हणणाऱ्यांत आणि आमच्यात फरक काय?

यंदा आमच्या घरी ठरलंय. फराळाचा पहिला डबा कोपीवर जाणार, सोबत लोकरीचं घोंगडं. सण कुणाचा हे नंतर बघू. यायचं असेल त्यानं मेसेज करा.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा 🙏