रिपोर्टखाली नाव कुणाचं?

माझी आत्या वसमतला राहते. मागच्या वर्षी न्हाणीत घसरून पडली. सरकारी दवाखान्यात फुकट एक्स-रे निघाला, तो दूर कुठेतरी बसून कुणीतरी ऑनलाइन वाचला आणि रिपोर्ट आला: फ्रॅक्चर नाही. आत्या दहा दिवस त्याच पायावर चालली. मग नांदेडला सीटी केला तर खुब्याचं हाड मोडलेलं!

आता चूक होऊ शकते हो. बारीक फ्रॅक्चर एक्स-रेवर कधी कधी खरंच दिसत नाही. निर्णयातली प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय. मान्य. मीही आठवड्याला दोन-चार बग सोडतोच. पण माझ्या कोडच्या प्रत्येक ओळीमागे माझं नाव आणि वेळ सापडते. आत्याच्या रिपोर्टवर ना नाव, ना रजिस्ट्रेशन नंबर. तळाशी फक्त एक ओळ, 'न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही'. वा रे वा!

"ग्राहक मंचात जा ना," इति पुण्यातले मित्र. जाऊन दाखवा. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले खरे, पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते दवाखाने वगळून. केसपेपरचे किरकोळ पैसे मोबदला धरत नाहीत. २०१९ च्या नव्या कायद्यातही मोफत सेवा बाहेरच. नागपूरच्या एका खासगी सेंटरला २००६-०७ च्या सोनोग्राफीत बाळाचं व्यंग दिसलं नाही, तेव्हा राष्ट्रीय आयोगाने सव्वा कोटी द्यायला लावले. दीड दशक गेलं, पण दाद मिळाली. आत्याला उरतं दिवाणी कोर्ट. वकील, तारखा आणि वसमत-हिंगोली एसटी.

गंमत म्हणजे सोनोग्राफीवाल्याने पीसीपीएनडीटीचा फॉर्म एफ अर्धवट भरला तर थेट फौजदारी. (तो कायदा आमच्या मराठवाड्यात कडकच हवा, वाद नाही.) म्हणजे नोंद ठेवायला लावणं सरकारला जमतं. मग प्रत्येक रिपोर्टवर वाचणाऱ्याचं नाव, नंबर आणि वेळ सक्तीची करा. मूळ इमेजची फाईल पेशंटला द्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवता तरी येईल. ह्यात कसलं रॉकेट सायन्स आहे?

आत्या आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येते. परवा फोनवर म्हणाली, "काय रे, तो फोटो कोणी बघितला होता, कळलं का?"